परचुरे बाई आणि न आलेला गरुड

बाई, तुमच्या शोकसभेत एक गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, "परचुरे बाई अत्यंत मृदुभाषी होत्या."

मी चौथ्या रांगेत होते. काका पहिल्या रांगेत, पांढरा सदरा घालून, हात मांडीवर ठेवून बसले होते. ते वाक्य कानावर पडताच त्यांनी मान मागे वळवली आणि सगळ्या हॉलमधून नेमकं मला शोधून काढलं. तुमच्याशी छत्तीस वर्षं संसार केलेला तो माणूस, आणि चार वर्षं तुमच्याबरोबर होडीत बसलेली मी. आमची नजरानजर झाली आणि मी ओढणी तोंडावर धरून बाहेर पळाले. चहाच्या टेबलापाशी एक बाई उभ्या होत्या. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "रडून घे गं. मोकळं वाटेल." मी हसत होते हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? मग मात्र खरंच रडू आलं, त्यामुळे त्यांचा अंदाज अगदीच चुकला असं नाही म्हणता येणार.

मृदुभाषी! तुमचं माझ्याशी पहिलं बोलणं मी त्या गृहस्थांना ऐकवायला हवं होतं.

वाघोलीच्या एका लॉनवर तुमच्या भाचीच्या मुलीचं लग्न होतं आणि मी फोटोवाल्यांपैकी होते. हडपसरचा आमचा स्टुडिओ अब्बांच्या वेळचा. अब्बा पासपोर्टचे फोटो काढायचे, भाऊ लग्नं करायला लागला, आणि ड्रोन आलं तेव्हा भावाला उंचीची भीती वाटते म्हणून ते माझ्याकडे आलं. उडणार ड्रोन, हा उभा जमिनीवर, तरी भीती. असो. मुलाच्या आईची इच्छा होती की अक्षता पडताना वरून दिसल्या पाहिजेत. मंगलाष्टकं चालू असताना मी ड्रोन खाली आणलं, आणि त्याच्या पात्यांच्या वाऱ्याने वधूवरांवर पडायच्या अक्षता उलट पाहुण्यांच्या तोंडावर गेल्या. तिसऱ्या रांगेतल्या करड्या केसांच्या एक बाई उठल्या आणि डोळ्यातली अक्षत काढत सरळ माझ्याकडे चालत आल्या. मला वाटलं, आता खरं नाही.

"हे पाण्यावर उडतं का?" तुम्ही विचारलंत.

"म्हणजे?"

"मराठीतच विचारलं मी. पाण्यावर. समुद्रावर."

"उडेल की. पण मॅडम, तुम्हाला लागलं का कुठे?"

"मॅडम नको. मॅडम म्हटलं की मला वाटतं कोणीतरी फ्लॅट विकायला आलंय. बाई म्हणा. आणि ते आधी वर घ्या, मुलाच्या मामाचा फेटा सुटलाय."

पुढच्या रविवारी मी नारायण पेठेतल्या तुमच्या दुसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसले होते. तुम्ही कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या, आणि तीस वर्षं दर हिवाळ्यात दक्षिण कोकणातल्या एका कड्यावर दुर्बीण घेऊन बसून डॉल्फिन मोजणाऱ्या. गावाचं नाव इथे लिहीत नाही. नाव छापलं की रविवारी गाड्या भरभरून माणसं येतात, असं तुम्हीच म्हणायचात. तुम्ही मला टेबलावरच्या वह्या दाखवल्यात आणि अडचण सांगितलीत.

"जिथे गाडीरस्ता जातो तिथे माणसं जातात, म्हणून तिथे डॉल्फिन थांबत नाहीत. ते राहतात कड्यांखाली, खडकांमधे. तिथे गुडघे असलेल्या लोकांनाच जाता येतं. माझे संपले. शिवाय बाजूने बघितलं की पाठीवरचं कुबड तेवढं दिसतं. वरून बघायचंय मला."

"पण मोजून काय होतं, बाई?" मी खरंच विचारलं होतं. लग्नात आम्हाला कोणी मोजायला सांगत नाही.

"मोजून काही होत नाही," तुम्ही म्हणालात. "न मोजता मात्र वाट्टेल ते होतं. उद्या कोणी म्हणालं, इथे कधी डॉल्फिन नव्हतेच, तर काय दाखवणार?"

काका आतून पोहे घेऊन आले. पोस्टातून निवृत्त झालेले, कमी बोलणारे. ताटली माझ्या हातात देताना हळूच म्हणाले, "हो म्हणून टाक. ती 'नाही' ऐकत नाही."

पहिल्या फेरीत मी समुद्र ओकून काढला. आमच्या सात पिढ्यांत कोणी होडीत बसलं नसावं. विश्राम तांडेल, ज्यांची होडी आपण घ्यायचो, ते बिचारे मला लिंबू देत होते, आलं देत होते, क्षितिजाकडे बघा म्हणत होते. तुम्ही दुर्बिणीतून डोळा न काढता म्हणालात, "तांबोळी, ओकायचं असेल तर डावीकडे. उजवीकडे मी मोजतेय."

त्या दिवशी मी ठरवलं होतं की पुण्याला पोचले की या बाईचा नंबर ब्लॉक करायचा. संध्याकाळी परत आलो तर खोलीच्या दाराशी गरम पाण्याची बादली ठेवलेली, आणि तुम्ही लॉजवाल्याशी भांडत होतात की यांच्या गादीवर दुसरी गादी घाला, यांच्या पाठीत उसण भरलीय. मी पाठीबद्दल एक शब्द बोलले नव्हते. नंबर राहिला.

दुसऱ्या दिवशी गावातली पंधरा-वीस माणसं आपल्याला अडवून उभी राहिली. ड्रोन बघून त्यांना वाटलं, जमिनीची मोजणी चाललीय, कुठला तरी प्रकल्प येतोय. तुम्ही पदर खोचून पुढे झालात आणि कॉलेजातल्या आवाजात सांगितलंत की आम्ही जमीन मोजत नाही, पाण्यातले डॉल्फिन मोजतो. मग मागून एक म्हातारे म्हणाले, "तेंका पण सातबारो देतलास काय?"

सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही म्हणालात, "द्यायला हवा. तुमच्या आधीपासून राहतायत." आता भांडण होणार असं वाटून मी ड्रोनची पेटी छातीशी धरली. पण म्हातारे पुढे आले, त्यांनी विचारलं, किती आहेत, आणि मग तुम्ही दोघं एका उलट्या होडीवर बसून तासभर बोलत राहिलात. त्यांच्या लहानपणी डॉल्फिन कुठवर यायचे ते त्यांनी सांगितलं आणि तुम्ही ते वहीत उतरवून घेतलंत. त्यानंतर आपल्याला कोणी अडवलं नाही. उलट माणसं फोन करून सांगायची, बाई, आज खाडीच्या तोंडाशी तीन बघितले.

जेवणावरून मात्र आपलं शेवटपर्यंत जमलं नाही. मासेमारीच्या गावात जाऊन तुम्ही पुण्याहून आणलेलं मेतकूट वरणभातावर घ्यायचात, आणि मी समोर तळलेले बांगडे. तुम्ही माझ्या ताटाकडे बघून म्हणायचात, "हे माझ्या डॉल्फिनचं जेवण आहे. तुम्ही त्यांच्या वाट्यातलं खाताय. उद्यापासून तुम्हालाही मोजणार आहे."

पण रमजानमधली ती फेरी आठवते का? तुम्ही तारखा बदलायला तयार होतात, मीच म्हटलं होतं की होईल रोजा. ऊन कडक होतं. होडीत चार तास तुम्ही पाण्याला हात लावला नाहीत. मी दोनदा म्हटलं, बाई, तुम्ही प्या. तुम्ही म्हणालात, "मला तहान लागत नाही. वयाचा परिणाम." मी ड्रोन होडीच्या वर आणलं आणि हातातल्या पडद्यावर बघितलं. पडद्यावर वरून आपली होडी दिसत होती, आणि होडीच्या मागच्या टोकाला, ताडपत्रीच्या आड, बहात्तर वर्षांच्या एक प्राध्यापक बाई उकिडव्या बसून चोरून पाणी पीत होत्या.

संध्याकाळी लॅपटॉपवर बघताना ते आलंच समोर. तुम्ही पडद्याजवळ वाकून ते नीट बघितलंत. मग म्हणालात, "हे पुसून टाका. यात एकही डॉल्फिन नाही."

मी ते पुसलं नाही, बाई. ते माझ्याकडे आहे.

आता गरुडाचं. ते सांगितल्याशिवाय हा लेख पुढे जाणार नाही, आणि तुम्ही असतात तर ते टाळलं म्हणून लाल शाईने गोल काढला असतात.

वाचणाऱ्यांसाठी सांगते. ड्रोनची बॅटरी उतरायला लागली की ते आपोआप जिथून उडालं तिथे परत येतं. जमिनीवर ही फार चांगली सोय आहे. होडी मात्र वाहत जाते. म्हणून होडीवरून उडवताना ड्रोनला मधूनमधून सांगत राहावं लागतं की बाबा रे, तुझं घर आता इकडे सरकलंय. दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी मी हे सांगायला विसरले, कारण मी भाचीला पाठवायला फोनवर स्वतःचा व्हिडिओ काढत होते. मागे समुद्र, पुढे मी, केस उडतायत, वगैरे. ड्रोन चालवायचं हातातलं यंत्र बाजूला ठेवलेलं, ते ओरडून ओरडून दमलं असेल, इंजिनाच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मान वर केली तर ड्रोन लांबवर, होडी वीस-पंचवीस मिनिटांपूर्वी जिथे होती त्या जागी पोचलेलं. आणि तिथे ते अत्यंत शिस्तीत, दिवे लुकलुकवत, सावकाश समुद्रात उतरलं. त्याच्या दृष्टीने ते घरी पोचलं होतं.

तुम्ही दुसऱ्या बाजूला दुर्बिणीत होतात. विश्रामदादांनी सगळं बघितलं होतं.

"गरुड!" मी ओरडले. "बाई, गरुडाने झडप घातली!"

विश्रामदादा माझ्याकडे पाठ करून इंजिनात काहीतरी शोधायला लागले. तुम्ही वळलात.

"कुठला?"

"म्हणजे?"

"कुठला गरुड? पोट पांढरं होतं?"

"हो."

"शेपूट पाचरीसारखी?"

"हो, अगदी."

"झडप घालताना पाय पुढे होते?"

"होते."

"किती वाजले?" आणि तुम्ही वही काढलीत. मी बघत राहिले. वेळ, वाऱ्याची दिशा, पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड, ड्रोनवर हल्ला. तुमच्या त्या मोत्यासारख्या अक्षरात माझी थाप शास्त्रात जमा झाली.

मला वाटलं, ड्रोन गेलं, विषय संपला. पण तुम्ही तो गरुड पुण्यात आणलात. तुमच्या जुन्या विद्यार्थ्यांना सांगितलंत, पक्षी बघणाऱ्या मंडळींना सांगितलंत. त्यांच्यातल्या एका तरुणाचा मला फोन आला. कुठल्या बाजूने आला, पंजा कुठे लागला, ओरडला का. मी घाबरून बोलता बोलता म्हणून गेले, "दोन होते."

दुसऱ्या दिवशी तुमचा फोन. "काल परवापर्यंत एकच गरुड होता."

"जोडी होती, बाई."

"बरं," तुम्ही म्हणालात, आणि पलीकडे पेनाचा आवाज आला.

मग तुम्ही त्यावर एक छोटा लेख लिहायला घेतलात, कुठल्याशा मासिकासाठी. ड्रोन आणि शिकारी पक्षी. मला झोप लागेना. अम्मी म्हणाली, "ऐसा क्या किया तूने, उठता बसता गरुड गरुड करती है?" मी स्टुडिओतलं दुसरं ड्रोन घेऊन येत राहिले, आणि दर फेरीला तुम्ही आकाशाकडे बघून म्हणायचात, "तांबोळी, सांभाळून. ते परत येतील."

हे सगळं असंच चाललं असतं, पण त्याच हिवाळ्याच्या शेवटी पिल्लं सापडली.

नारायण पेठेत, दुपारी, जेवणं झाल्यावर आपण लॅपटॉपवर एका सकाळचं चित्रीकरण बघत होतो. होडीतून तुम्ही सात मोजले होतेत. वहीत सात होते. पडद्यावर मी नऊ मोजले. तुम्ही म्हणालात, परत. मी परत मोजले, नऊच. तुम्ही चष्मा पुसला आणि चित्र अगदी हळू चालवायला सांगितलंत. दोन आयांच्या अंगाला चिकटून, त्यांच्या पलीकडच्या बाजूला, दोन गडद इवलाली पिल्लं होती. आई श्वासाला वर आली की ती तिच्या आडच वर यायची आणि तिच्याबरोबरच खाली जायची. बाजूने बघणाऱ्याला ती दिसणंच शक्य नव्हतं.

आपण दुसरी सकाळ काढली. तिथेही एक. तिसरी. तिथेही.

तुम्ही उठून कपाटातल्या जुन्या वह्या काढायला लागलात. काका स्टूल धरून उभे राहिले. तीस हिवाळ्यांच्या वह्या टेबलावर आल्या आणि तुम्ही त्यांच्यावर हात ठेवून बसलात.

"मी सगळ्यात लहान पिल्लं मोजलीच नाहीत," तुम्ही म्हणालात. "एकदाही नाही. जरा मोठी झालेली, आईपासून सुटलेली, तेवढीच मोजली."

मला तुमचा चेहरा बघवेना. मी म्हटलं, "जाऊ द्या ना बाई. कोणाला कळणार आहे?"

"मला कळलंय. मी कोणी नाही का?"

त्या आठवड्यात तुमचे आकडे ज्यांनी ज्यांनी कधी वापरले होते त्या सगळ्यांना तुम्ही पत्र लिहिलंत. एक सरकारी कार्यालय, काही प्राध्यापक, तुमचे विद्यार्थी. मला वाचायला दिलं होतंत. पहिलंच वाक्य होतं, "माझी आजवरची मोजणी कमी आहे, यात चूक माझी आहे, डॉल्फिनची नाही." तुमची एक विद्यार्थिनी, आता स्वतः कॉलेजात शिकवते, ती रडत आली. तिचा प्रबंध तुमच्या आकड्यांवर उभा होता. तुम्ही तिला म्हणालात, "प्रबंध पास झालाय, आता तो कोणी परत घेत नाही. नवीन आकडे लाव आणि परत लिही. बस, पोहे खा."

मी त्या खोलीत बसले होते, बाई. मी पोह्यांची ताटली खाली ठेवली. बहात्तराव्या वर्षी तुम्ही तीस वर्षांचं काम उघड्यावर मांडून चूक म्हणत होतात, आणि मी एका गरुडाला धरून बसले होते. एकाला पण नाही. दोन गरुडांना.

दुसऱ्या दिवशी सकाळी हडपसरहून निघाले, जिने चढले आणि दारातच बोलून टाकलं. "बाई, गरुड आला नव्हता."

काका कोथिंबीर निवडत होते. त्यांचे हात थांबले.

"बसा," तुम्ही म्हणालात. मग जरा थांबून, "दोन्ही नव्हते?"

"दोन्ही नव्हते."

"मग ड्रोन?"

मी सगळं सांगितलं. व्हिडिओ, उडणारे केस, विसरलेलं घर. तुम्ही ऐकून घेतलंत, वही काढलीत, त्या नोंदीवर पट्टी ठेवून एक सरळ रेघ मारलीत आणि शेजारी लिहिलंत, "गरुड नव्हता. ड्रोनचा घराचा पत्ता चुकला." मासिकाच्या लेखाचे कागद काकांकडे देऊन म्हणालात, "हे कोथिंबिरीच्या देठांना घ्या."

"मला शंका होतीच," तुम्ही म्हणालात. "लग्नाचे फोटो काढणाऱ्या बाईला गरुडाची शेपूट एवढी नीट दिसते?"

"मग लिहिलंत कशाला?"

"तुम्ही सांगितलंत म्हणून. होडीत बसलेल्या दोन माणसांना एकमेकांचं खरं वाटणार नसेल तर त्यांनी घरी बसावं." मग फोन माझ्यासमोर सरकवलात. "त्या पक्षीवाल्या मुलाला तुम्हीच सांगा. आता. माझ्यासमोर."

मी सांगितलं. तो मुलगा इतका हिरमुसला की मला त्याला तिसरा गरुड द्यावासा वाटला.

काका उठले. "चहा टाकू?"

"टाका," तुम्ही म्हणालात. "हिला बिनसाखरेचा."

तोवर मी तुमच्यासाठी कायम 'यांना' होते. यांना पाणी द्या, यांना चहा द्या. त्या दिवशी पहिल्यांदा 'हिला' झाले. ती शिक्षा होती की बढती, हे विचारायचं राहून गेलं. चहा मात्र कडू होता.

पुढची दोन वर्षं आपण कशावरून भांडलो नाही ते सांगणं सोपं. शेवटचं भांडण तसंच अर्धवट राहिलंय. गेल्या महिन्यातल्या चित्रीकरणात एक मोठा डॉल्फिन कुशीवर वळतो, एक डोळा वर करतो आणि काही क्षण तसाच तरंगत राहतो. मी म्हटलं, तो ड्रोनकडे बघतोय. तुम्ही म्हणालात, "कुशीवर वळला, असं लिहा. बघितलं, असं लिहू नका."

"पण डोळा वर आहे."

"माझाही डोळा पंख्याकडे असतो. मी पंखा बघत नसते."

"बाई, त्याला कळत असेल ना, वर काहीतरी आहे?"

"असेल. तुम्हाला कसं कळलं, ते सांगा."

फोनवर अर्धा तास हे चाललं. मला एका लग्नाला पोचायचं होतं, माझी चिडचिड झाली, आणि मी म्हटलं, "बरं बाई, तुम्ही म्हणाल तेच खरं," आणि फोन ठेवून दिला. तुमचा लगेच मेसेज आला. "तुम्ही म्हणाल तेच खरं, असं म्हणणं म्हणजे वाद सोडून पळणं. मंगळवारी या."

मंगळवारी मला दोन लग्नं होती. बुधवारी दुपारी तुम्ही पेपर वाचता वाचता गेलात. चष्मा डोळ्यांवरच होता, काका म्हणाले, पेपरही हातातच होता, म्हणून त्यांना थोडा वेळ कळलंच नाही.

मी मंगळवारी यायला हवं होतं, बाई. हरायला का होईना.

तुमचे दिवस झाल्यावर काकांनी फोन करून बोलावलं. वाटलं, वह्या देतील. वह्या दिल्याच, शिवणकामाच्या पिशवीत नीट बांधून. मग म्हणाले, "मी पण येतो."

"कुठे?"

"तिकडे. छत्तीस वर्षं ऐकतोय. कोणीतरी घरी असावं म्हणून मी थांबायचो. आता घरी थांबून कोणासाठी थांबायचं?"

गेल्या शनिवारी आम्ही गेलो. काका माकडटोपी, मफलर, पूर्ण बाह्यांचा स्वेटर घालून सकाळी विश्रामदादांच्या होडीत बसले. मी लिंबू, आलं सगळं तयार ठेवलं होतं. त्यांना काहीही झालं नाही. "हेलकाव्यांची सवय आहे मला," ते म्हणाले. विश्रामदादांना एवढं हसू आलं की त्यांनी सुकाणू सोडलं.

डॉल्फिन कड्याखालच्या खडकांपाशी सापडले. मी उडवलं, मोजलं, ड्रोनला घर कुठे आहे ते तीन वेळा सांगितलं. बॅटरी उतरायच्या आधी हाताने धरून खाली घेतलं. विश्रामदादांनी इंजिन बंद केलं. कळप होडीच्या अगदी जवळून चालला होता, आणि त्या शांततेत तो आवाज आला. फूस्. मग दुसरा. मग एक लहान, पातळ.

काकांनी माकडटोपी कानांवरून वर केली. "हे काय वाजलं?"

"श्वास घेतायत."

ते ऐकत राहिले. "एवढं सगळं सांगितलं तिने मला. रंग सांगितला, कुबड सांगितलं, पिल्लं कुठल्या बाजूला असतात ते कागदावर काढून दाखवलं. हे कधी बोलली नाही."

"चित्रीकरणात आवाज येत नाही, काका. ड्रोनमध्ये आवाजाची सोयच नाही."

"ड्रोन आत्ता आलं," काका म्हणाले. "ती तीस वर्षं जात होती." मग थोड्या वेळाने, पाण्याकडे बघत, "मीच कधी विचारलं नसेल. किती झाले, एवढंच विचारायचो."

कळप लांब गेला. मी वही काढली, पण माझे हात ओले होते, म्हणून काकांनी घेतली. पोस्टातल्या माणसाचं अक्षर, सुटं आणि ठाम. त्यांनी तारीख घातली, वेळ घातली. "संख्या?"

"आठ. त्यात पिल्लं दोन."

"वारा?"

"वायव्येचा, मंद."

"निरीक्षक." त्या रकान्यापाशी ते थांबले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "यास्मीन. 'म'ला पहिली वेलांटी की दुसरी?"

"दुसरी."

त्यांनी मागची पानं उलटली. आणखी मागची उलटली. "हिने सगळीकडे पहिली लिहिलीय. चार वर्षं. साऱ्या पेठेचं शुद्धलेखन सुधारत फिरायची ही. तू सांगितलं नाहीस?"

"नाही."

"का गं?"

काय सांगणार होते, बाई? पहिल्या वर्षी धीर झाला नाही. दुसऱ्या वर्षी वाटलं, आता फार उशीर झाला. आणि नंतर मला ते आवडायलाच लागलं. आधार कार्डावर मी एक आहे, स्टुडिओच्या पाटीवर तीच आहे, आणि तुमच्या वहीत एक वेगळी आहे, जिला फक्त तुम्ही ओळखता. ती चूक दाखवली असती तर तुम्ही पट्टी ठेवून सरळ रेघ मारली असतीत.

काकांनी चष्मा काढून मफलरला पुसला. "मग काय करू? बरोबर लिहू?"

"बरोबर लिहा," मी म्हटलं. "नाहीतर त्या मला बोलतील."

त्यांनी लिहिलं. दुसरी वेलांटी जरा मोठीच काढली, आणि वही माझ्यापुढे धरली. बरोबर होतं. मी होडीच्या काठावर डोकं टेकलं आणि रडले. विश्रामदादांनी इंजिनाची दोरी हातात घेतली होती. ती तशीच धरून ते बसून राहिले.